विलीज म्हणून नोंदलेली फोर्ड

गेले तीन महिने वीकएंडला कुठे गायब असतोस, असं बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर: नाशिकजवळ एका शेडमध्ये, जीपच्या खाली. (ज्यांना वाटलं होतं की मी सर्टिफिकेशनचा अभ्यास करतोय, त्यांची माफी मागतो.)

तर झालं असं. माझ्या कॉलेजच्या मित्राच्या आजोबांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातून एक जीप घेतली होती. चाळीसेक वर्षं ती मळ्यात राबली. मध्येच कधीतरी तिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं. मग एक दिवस तिच्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. घरात तिला सगळे 'विलीज' म्हणतात. "आमची विलीज ब्रह्मदेशात लढून आलेली आहे" हे वाक्य मी मित्राच्या वडिलांकडून, म्हणजे काकांकडून, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलोय. आता काका पंच्याहत्तरीला आलेत आणि त्यांना ती एकदा चालवायची आहे. रस्त्यावर, रीतसर कागदपत्रांसकट. मित्राला गाड्यांतलं फारसं कळत नाही आणि मला कळतं असा त्याचा गैरसमज आहे. म्हणून मी.

आधी जरा पार्श्वभूमी. युद्धातली ही जीप दोन कंपन्यांनी बनवली. विलीज-ओव्हरलँडच्या जीपचं नाव एमबी आणि फोर्डच्या जीपचं जीपीडब्ल्यू. जी म्हणजे गव्हर्नमेंट, पी म्हणजे ऐंशी इंची व्हीलबेससाठी फोर्डचं सांकेतिक अक्षर, आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचं डिझाइन. दोन्ही मिळून सहा लाखांहून जास्त जीप निघाल्या. अमेरिकन लष्कराची अटच अशी होती की एकीचा पार्ट दुसरीला बसला पाहिजे. आघाडीवरच्या मेकॅनिकला ब्रँड लॉयल्टी परवडत नाही! त्यामुळे लांबून दोघी जुळ्या बहिणी दिसतात.

पण जवळ गेलं की फरक कळतात. सगळ्यात सोपी खूण रेडिएटरच्या खाली आहे. तिथे सांगाड्याचा जो आडवा दांडा असतो तो विलीजमध्ये गोल पाइपचा असतो आणि फोर्डमध्ये उलट्या यू आकाराच्या चॅनेलचा. दुसरी खूण म्हणजे फोर्डला आपल्या पार्टांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, वळणदार 'एफ' उठवायची हौस होती. तिसरी खूण नंबराची. विलीजचा नंबर सांगाड्याच्या डाव्या बाजूला आतून, बंपरच्या मागे, रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा नंबर थेट सांगाड्याच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो, आणि कारखान्यातून निघताना इंजिनवरही तोच नंबर असायचा. विलीजमध्ये इंजिनचा नंबर वेगळा आणि सांगाड्याचा वेगळा.

पहिल्याच शनिवारी टॉर्च घेऊन खाली शिरलो आणि दांडा बघितला. यू.

वर येऊन काकांना सांगायचं कसं, हा प्रश्नच होता. मित्र म्हणाला, "तू सांग, तुझं ते ऐकतील." मी सांगितलं. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आरसी बुकात विलीज लिहिलंय." मी म्हटलं, "काका, त्या काळी सगळ्याच जीपना विलीज म्हणायचे, आपण झेरॉक्स म्हणतो तसं." त्यांना ते काही पटलं नाही.

मग आम्ही सांगाड्यावरचा ग्रीस आणि सत्तर वर्षांची माती रॉकेल लावून, पितळी ब्रशने, हलक्या हाताने काढली. (ग्राइंडर नाही! ग्राइंडर लावला की नंबर गेलाच म्हणून समजा.) नंबर दिसायला लागला. वर कागद ठेवून पेन्सिल घासली, आरटीओत चेसिस प्रिंट घेतात तशी. तो कागद आरसी बुकाशेजारी धरला. आकडा न् आकडा जुळला! म्हणजे गाडी तीच, नंबर तोच, फक्त जुन्या मुंबई राज्यातल्या कोणा कारकुनाने कंपनीच्या रकान्यात 'विलीज' लिहून टाकलेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की बरोबर, एका कॉलममध्ये डेटा एंट्रीची चूक. काकांचा चेहरा जरा उजळला. मला तर त्या रात्री झोप लागली नाही.

पुढच्या शनिवारी मात्र रडायची वेळ आली.

मधल्या आठवड्यात मित्राने हौसेने पत्र्याचं काम सुरू करायला सांगितलं होतं. मी शेडमध्ये पोचलो तेव्हा मेस्त्रींनी बॉनेट घासून अगदी आरसा केलं होतं. चकचकीत पत्रा, एका टोकाला लांबी भरायला सुरुवातसुद्धा झालेली. मेस्त्री कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते. त्यांची काही चूक नव्हती. जुना रंग काढून नवा द्यायचा, हेच त्यांना आयुष्यभर सांगितलं गेलंय. चूक आमची. पॉलिश पेपर हातात घेण्याआधी फोटो काढायचे असतात, हे मी त्यांना सांगायला हवं होतं.

बॉनेटचं एवढं काय? तर लष्कराचा नंबर बॉनेटच्या दोन्ही बाजूंना रंगवलेला असायचा. अमेरिकन सैन्याची जीप असेल तर 20 ने सुरू होणारा लांबलचक आकडा. सुरुवातीला तो फिकट निळ्या रंगात असे, इतका फिकट की जुन्या फोटोंत दिसतच नाही. पुढे पांढऱ्या रंगात आला. ब्रिटिश किंवा हिंदी सैन्याची असेल तर आधी 'एम' आणि मग आकडा. रंगाचे थर एकेक करून अलगद उतरवले असते तर खाली कदाचित यातलं काहीतरी मिळालं असतं. काकांची जीप ब्रह्मदेशच्या आघाडीवरची की कुठल्या तरी छावणीत साहेबाला क्लबात नेणारी, याचा धागा तिथे सापडायची शक्यता होती. एका दुपारीत त्याची भुकटी झाली, तीही झाडून बाहेर टाकलेली. बॅकअप नाही, अनडू नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, आणि ते लोकांना फारसं आवडत नाही. युद्धातल्या गाडीचं 'रिस्टोरेशन' म्हणून आपण जे करतो, त्यातलं निम्मं काम पुरावा नष्ट करण्याचं असतं. गाडी 1943 साली कारखान्यातून निघाली तशी करायची म्हणजे तिने त्यानंतर जे काही केलं ते पुसायचं. डॅशबोर्डावरच्या पितळी पट्ट्या नव्या मिळतात, हव्या त्या तारखेच्या. आकडे रंगवायचे स्टेन्सिल मिळतात. दोन महिन्यांत कुठलीही जीप नॉर्मंडीला उतरवता येते. रॅलीत अशा चकचकीत गाड्यांभोवती गर्दी जमते. मला आता त्यांच्याकडे बघून एवढंच मनात येतं, की आत खरं काय होतं?

आता नोंदणी. आरसीची मुदत केव्हाच संपलेली. 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले, आणि ते खरंच चांगलं काम झालं. पन्नास वर्षांहून जुनी खासगी दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं. आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो, नसेल तर 'व्हीए' अक्षरांची मालिका. रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. काकांना तेवढं पुष्कळ आहे.

पण अट आहे. गाडी मूळ स्वरूपात पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल केलेला नको. आमच्या फोर्डमध्ये डिझेल बसलेलं, आणि तो बदल आरसीत कधी चढवलेलाच नाही. ते काढणं आलं. बदली इंजिन शोधतानाही गंमत आहे. आपल्याकडे महिंद्राची जी उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी वर्षानुवर्षं निघाली, तिचं पेट्रोल इंजिन वेगळं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, त्यामुळे ते उंच, आणि म्हणून तर बॉनेट उंच. युद्धातल्या जीपच्या चपट्या बॉनेटखाली ते मावत नाही. लागतं ते जुनं, सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेलं, साधारण 2.2 लिटरचं आणि 60 हॉर्सपॉवरचं. दीड महिना फोनाफोनी करून कुर्ल्याच्या भंगारबाजारात एक मिळालं. विलीजचं. चालू होण्यासारखं. नंबर अर्थातच वेगळा.

इथे एजंटसाहेबांचा प्रवेश. माणूस गोड. कागद बघून म्हणाले, "काही प्रॉब्लेम नाही. ब्लॉकवरचा नंबर घासून बुकातला पंच करून देतो माणूस माझा. सगळं मॅचिंग होईल. इन्स्पेक्टर बघून खूश." रेटही सांगितला. तो इंजिनच्या एक चतुर्थांशसुद्धा नव्हता. मित्राने माझ्याकडे बघितलं. त्याला मोह झाला होता, आणि खरं सांगतो, दोन मिनिटं मलाही झाला.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? इंजिन त्याच जातीचं, नंबर त्याच गाडीचा, कोणाचं काय बिघडलं? बिघडतं ते असं. नंबर पंच करणं हा गुन्हा आहे, हे तर आहेच. चोरीच्या गाड्या याच मार्गाने 'स्वच्छ' होतात. पण ते बाजूला ठेवलं तरी या गाडीत आज एकच गोष्ट वादातीत खरी आहे, ती म्हणजे सांगाड्यावरचा तो नंबर आणि बुकातली त्याची नोंद. शेजारच्या ब्लॉकवर एक खोटा नंबर ठोकला की उद्या जाणकार माणूस सांगाड्यावरच्या खऱ्या नंबराकडेही संशयानेच बघणार.

आणि मुळात मॅचिंगचा हा हट्ट लष्करी गाडीला लागूच होत नाही. शोरूममधून घेऊन गराजमध्ये जपलेल्या कारची गोष्ट निराळी. जीपचं इंजिन हे लष्कराच्या लेखी बदलायचाच भाग होतं. वर्कशॉपमध्ये गाडी आली की जे तयार असेल ते इंजिन बसवून परत पाठवायची. फोर्डमध्ये विलीजचं, विलीजमध्ये फोर्डचं. 1944 पासून तर दोन्ही कंपन्यांना बॉडीसुद्धा एकच तिसरी कंपनी, अमेरिकन सेंट्रल, पुरवत होती. म्हणजे विलीजचं इंजिन असलेली फोर्ड ही भेसळ नाही, युद्धात ती अशीच धावली असती. या गाडीच्या बाबतीत सरमिसळ हेच 'मूळ' आहे. बनावट वस्तू एकच ठरली असती, पंच केलेला नंबर.

ब्रिटनमध्ये वाहन नोंदणी खात्याने अशा जुळवलेल्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षं गुणांची पद्धत वापरली. मूळ सांगाड्याला 5 गुण. सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी 2. इंजिनला फक्त 1. आठ गुण झाले की जुना नंबर राहतो, नाहीतर 'क्यू' अक्षराची प्लेट, म्हणजे जिची ओळख पक्की नाही अशी गाडी. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. ओळख म्हणजे हो किंवा नाही असा प्रश्न नसून किती, असा आहे, हे तिथे कागदावर मान्य होतं. आमच्या जीपला या हिशोबाने आठाहून जास्तच मिळतील. आपल्या नियमात 'मोठा फेरबदल' या शब्दांत डिझेल बसवणंही येतं आणि त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवणंही येऊ शकतं, समोरचा अधिकारी कसा वाचेल त्यावर. जो खरं सांगतो त्याची फाइल अडते, जो पंच करतो त्याची सुटते. त्याच जातीचं बदली इंजिन त्याच्या स्वतःच्या नंबरासकट चालेल, एवढी एक ओळ नियमात आली तर एजंटच्या त्या माणसाचा निम्मा धंदा बसेल.

जाता जाता, विलक्षण योगायोग म्हणा: स्वतंत्र भारतातलं पहिलं गाजलेलं संरक्षण खरेदीचं प्रकरण युद्धातल्या डागडुजी केलेल्या जीपचंच होतं. 1948 साल, लंडनमधले आपले हायकमिशनर कृष्ण मेनन. त्यातल्या जेमतेम 155 जीप आल्या आणि त्याही लष्कराला वापरता येण्यासारख्या नव्हत्या. वरून रंग ताजा असणार, यात मला शंका नाही. :)

असो. निर्णय काकांनी घेतला. एजंटचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाले, "वडिलांनी जो नंबर घेतला तो सांगाड्यावर आहे ना? मग इंजिनाचा इंजिनाला राहू दे." अर्जाबरोबर आम्ही दोन पानी टिपण जोडलंय: पेन्सिल प्रिंट, दांड्याचा आणि 'एफ'वाल्या बोल्टांचा फोटो, इंजिनाची पावती, त्याचा खरा नंबर, आणि बुकातला 'विलीज' दुरुस्त करून 'फोर्ड' करण्याची विनंती. खिडकीवरच्या बाईंनी पानं उलटून विचारलं, "हे सगळं कशाला जोडलंय?" फाइल आत गेलीय. अजून बाहेर आलेली नाही.

दरम्यान मेस्त्रींनी नवा रंग दिलाय. फक्त एक जागा सोडून. काच पुढे पाडली की तिने टेकावं म्हणून जीपच्या बॉनेटवर दोन लाकडी ठोकळे असतात. त्यातला एक खोलला तर खाली तळहाताएवढा जुना, मळकट हिरवा रंग जसाच्या तसा होता. या वेळी मेस्त्रींनी मला फोन केला. "साहेब, हात लावू का, का आधी फोटो काढताय?"