गादी आणि पाना

अंबरनाथहून धाकट्या मावसभावाचा फोन आला. त्याचा मुलगा दहावी झाला असून त्याला मोटारदुरुस्तीचे शिक्षण घ्यावयाचे आहे. "दादा, आपण सुटे भाग विकणारी माणसे. आपल्या पोराने गाडीखाली शिरायचे?"

प्रश्न रुचला नाही, समजला मात्र. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत आपल्या दुकानदाराला गिऱ्हाईक ओळखता येते, माल ओळखता येतो. बिघाड ओळखण्यासाठी मात्र तो परक्याचे तोंड पाहतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एका वर्षाचा. पुढे १९६१ च्या कायद्यान्वये विद्यावेतनासह शिकाऊ उमेदवारी करता येते. तेथे शिस्त कोणती लागते? इंजिनाचे हेड बसविताना बोल्ट मनास येईल तसे आवळावयाचे नाहीत. मधल्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचवरील आकडा पाहून. घाई केली तर हेड वाकते, गास्केट गळते. रोजमेळ जुळेपर्यंत न उठणाऱ्या आपल्या जुन्या मुनिमांना हे काम आवडले असते!

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके आली आणि नुसत्या कानाने इंजिन ओळखणाऱ्या उस्तादांची पंचाईत झाली. स्कॅनर दोषाचा संकेतांक दाखवितो. परंतु सेन्सर बिघडला की त्याची तार तुटली, हे मल्टिमीटर हाती घेऊनच शोधावे लागते. विजेच्या गाडीत तर उच्च दाबाची जोडणी तोडून, दाब शून्यावर आल्याची खात्री केल्यावाचून हात लावणे जिवावर बेतू शकते.

मी वालचंद हिराचंदांचे नाव काढले. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील हा पुरुष घरचा धंदा सोडून रेल्वेच्या ठेकेदारीत शिरला आणि १९४४ मध्ये त्याने प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. "ते मालक होते, मेकॅनिक नव्हते," भाऊ म्हणाला. खरे होते. मला उत्तर सुचेना.

तेवढ्यात मुलाने फोन घेतला. "काका, गिऱ्हाईक 'खराब' म्हणून जे सेन्सर परत आणतात, त्यांतले कितीतरी चांगले असतात. दोष वायरिंगमध्ये असतो. पप्पा ते निमूटपणे बदलून देतात आणि नुकसान सोसतात. खरा दोष कुठे आहे, हे आपल्याला कळायला नको का?"

पलीकडे काही क्षण शांतता होती. मग भावाचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता. दुकानातील पोऱ्याला परत आलेल्या मालाची वही आणावयास सांगत होता.