खेळाचा तास आणि शेवटची एस.टी.

लहान गावच्या महाविद्यालयातील मुले खेळत नाहीत, नुसते खेळ पाहतात, अशी तक्रार स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकू येते. प्रमुख पाहुणे बहुधा मोठ्या शहरातून आलेले असतात. ते मोबाइलला दोष देतात, तरुणांच्या आळसाला दोष देतात, मैदानी खेळांचे महत्त्व सांगतात आणि टाळ्यांच्या गजरात खाली बसतात. ज्यांना उद्देशून हा उपदेश असतो त्यांच्यापैकी पुष्कळसे विद्यार्थी त्या वेळी मंडपात नसतातच. ते बसस्थानकावर पोहोचलेले असतात. या मुलांच्या क्रीडाविषयक उदासीनतेची चिकित्सा करावयाची असेल तर ती व्यासपीठावरून न करता बसस्थानकावरून करावयास हवी, असे आमचे मत आहे.

हिंगोली जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोलीचे आदर्श महाविद्यालय, वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय ही येथील परिचित नावे. एके काळी ही महाविद्यालये मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत होती. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि कारभार नांदेडकडे आला. उच्च शिक्षण असे औरंगाबादहून नांदेडला आणि तेथून तालुक्याच्या गावापर्यंत आले. परंतु तालुक्याच्या गावापासून पुढचा जो पंधरा-वीस किलोमीटरांचा रस्ता आहे, तो शिक्षणाने अद्याप चाललेला नाही. तो विद्यार्थ्यालाच रोज दोनदा तुडवावा लागतो.

औंढ्याच्या किंवा सेनगावच्या वाटेवरील एखाद्या खेड्यातून कला शाखेच्या दुसऱ्या वर्षासाठी हिंगोलीस येणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. सकाळी जनावरांचे वैरणपाणी आटोपून तो फाट्यावर येऊन उभा राहतो. सवलतीच्या पासामुळे भाड्याचा दोनतृतीयांश भार त्याच्यावर पडत नाही, ही गोष्ट लहान नाही. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एस.टी. कर्मचाऱ्यांचा प्रदीर्घ संप झाला तेव्हा या पासाची खरी किंमत खेड्यापाड्यांतील पालकांना कळली. परतीची सोयीची गाडी बहुधा साडेचार-पाचच्या सुमारास सुटते. ती चुकली तर काळी-पिवळी जीप, आणि तीही भरलेली असली तर कोणा ओळखीच्याची मोटारसायकल. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची काढणी असते, फेब्रुवारीनंतर हळद शिजविण्याचे आणि वाळविण्याचे दिवस येतात. त्या काळात घरी वेळेवर पोहोचणे हा मुलाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

आता महाविद्यालयाचे वेळापत्रक पाहावे. तास संपल्यावर खेळ, म्हणजे चारनंतर, ही आपल्याकडील सर्वमान्य प्रथा आहे. वसतिगृहाच्या किंवा गावातच घर असलेल्या मुलांच्या जगात तिचा जन्म झाला आणि पुढे ती आहे तशी सर्वत्र उचलली गेली. जिमखान्याचे दार उघडते त्या सुमारास अप-डाऊन करणारा विद्यार्थी गाडीत जागा धरीत असतो. जिमखान्याचे शुल्क मात्र दोघेही सारखेच भरतात! तेव्हा ज्याला आपण प्रेक्षक म्हणतो, तो स्वभावाने प्रेक्षक झालेला नाही. वेळापत्रकाने त्याला प्रेक्षक केले आहे.

आणि तो प्रेक्षक कसा आहे, हेही एकदा आदराने पाहावयास हवे. सामन्याच्या दिवशी गाडीतील मागच्या बाकावर एका मोबाइलभोवती पाच-सहा डोकी जमतात. ज्याच्याजवळ डेटा शिल्लक असेल तो त्या दिवसाचा यजमान. धावसंख्या बाकांवरून पुढे सरकत वाहकापर्यंत जाते, आणि तिकिटे फाडता फाडता तोही एखादा शेरा मारतो. अर्थशास्त्राच्या पेपरातील शेकडेवारीने ज्याला घाम फुटतो तोच विद्यार्थी उरलेल्या धावांना उरलेल्या षटकांनी तोंडी भागून दाखवितो. पंचाचा निर्णय नियमाच्या कोणत्या अर्थाने बरोबर ठरतो यावर तो जो वाद घालतो, तसा वाद राज्यशास्त्राच्या तासाला झाला तर प्राध्यापक धन्य होतील. बारकाईने पाहणे, लक्षात ठेवणे, तुलना करणे, पराभव पचविणे हे सारे तो शिकलेला आहे, फक्त आपण शिकविलेले नाही एवढेच.

शिवाय हा नाद काही मोबाइलबरोबर आलेला नाही. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड येथे मालिका जिंकल्या, त्या काळात पानाच्या ठेल्यावरील ट्रान्झिस्टरभोवती हीच गर्दी होती. बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनाने क्रिकेटची परिभाषा कितीतरी घरांत पोहोचविली. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर अवघ्या १८३ धावा करून भारताने विश्वचषक जिंकला, ती रात्र जागून काढणारे अनेक विद्यार्थी आज प्राध्यापक म्हणून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत किंवा निवृत्त झाले आहेत. त्यांनी तरी आजच्या मुलांना बघे म्हणून हिणवू नये.

या नादाला एक काळी बाजू आहे, ती लपविण्याचे कारण नाही. पैसे लावून संघ निवडण्याच्या ॲपनी खेड्यांतील पोरांच्या खिशातही हात घातला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, हे योग्यच झाले. पण बंदीने मोकळी झालेली संध्याकाळ कशाने भरावयाची, याचे उत्तर कायद्यात नसते.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. त्यांना ठेल्यावर उभे राहून सामना पाहण्याची सोय नाही आणि चारनंतर मैदानावर थांबण्याचीही नाही. तरीही ३० ऑक्टोबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाने ठेवलेले ३३९ धावांचे लक्ष्य, म्हणजे षटकामागे पावणेसातहून थोड्या अधिक धावा, जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या बळावर भारताच्या मुलींनी गाठले, आणि २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून हरमनप्रीत कौरच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा घरातील मोबाइल काही तासांपुरता का होईना मुलींच्या हाती आला असणार. यातील पुष्कळ मुली शाळेत खो-खो खेळलेल्या असतात. याच मराठवाड्यातील धाराशिवच्या सारिका काळे हिने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाचे नेतृत्व केले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. शाळेतील खेळाचा तास दिवसाच्या पोटात असतो, म्हणून त्या खेळतात. महाविद्यालयात तो दिवसाच्या शेपटाला बांधला जातो, म्हणून त्यांचा खेळ सुटतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलींची खेळातील गोडी एकाएकी आटते, असे मानण्यास दुसरा काहीही आधार नाही.

या जिल्ह्यातील सर्वांत मोठी क्रीडासाधना वास्तविक कोणाच्याच नोंदवहीत नाही. पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली पाहावीत. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक ही परीक्षा असते. राज्य राखीव पोलीस दलाचा एक गट हिंगोलीतच असल्याने गणवेशाचे स्वप्न येथे दूरचे वाटत नाही. ही मुले वाहनांचे दिवे चुकवीत, डांबरी रस्त्यावर, मार्गदर्शकाविना धावतात आणि दहा वाजता त्याच महाविद्यालयात येऊन बसतात, जेथे खेळाडू म्हणून त्यांची गणना होत नाही. पोटासाठी धावणे हा खेळ नव्हे, अशी काहीशी सोवळी कल्पना आपल्या मनात असावी.

अविनाश साबळे याची हकीकत या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा हा मुलगा लहानपणी सहा किलोमीटरांवरील शाळेत पायी जात, धावत असे, कारण वाहनाची सोय नव्हती. बारावीनंतर तो सैन्यात गेला आणि तेथे त्याच्यातील धावपटू ओळखला गेला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले, २०२३ मध्ये आशियाई सुवर्णपदक, आणि २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. एस.टी. नसण्याचाही असा लाभ होतो, असे कोणी विनोदाने म्हणेल. पण त्या आधारावर गाड्या बंद करण्याची शिफारस कोणी करू नये. लक्षात घ्यावयाचे ते हे की मराठवाड्याच्या या धावपटूला घडविण्यात महाविद्यालयाच्या क्रीडांगणाचा वाटा नाही. जे सैन्याला दिसले ते आमच्या महाविद्यालयांना एरवी दिसले असते काय?

क्रीडाप्रेमाच्या भाषणांत खाशाबा जाधवांचा दाखला हटकून येतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांना जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत थोरच आहे. आज हिंगोलीच्या किंवा कळमनुरीच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकावे असे कोणी म्हणत नाही. त्यांच्याकडून फक्त एका तासाची अदलाबदल हवी आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात सहशालेय विषयांना श्रेयांक मिळू लागले असून त्यांत क्रीडा, योग, राष्ट्रीय सेवा योजना यांचा समावेश आहे. म्हणजे खेळ हा आता फावल्या वेळेचा उद्योग राहिलेला नाही. तो अभ्यासक्रमाचा भाग आहे. पण तासांच्या तक्त्यात त्याला जागा न देता श्रेयांक तेवढे दिले, तर हजेरीपटावर सह्या होतील आणि मैदान पूर्वीइतकेच रिकामे राहील. हा धोका काल्पनिक आहे, असे शिक्षकी पेशातील कोणीही म्हणणार नाही.

आठवड्यातून दोन दिवस खेळाचा तास दुपारच्या सुटीपूर्वी ठेवावा. जुलै ते जानेवारी या काळात उन्हाची सबब फारशी टिकत नाही. जागेची सबबही तशीच. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, खो-खोचे २७ व १६ मीटर. एवढी जागा ज्याच्या आवारात नाही असे महाविद्यालय या जिल्ह्यात शोधावे लागेल. व्याख्यान बुडेल म्हणावे, तर शेवटच्या तासाला वर्ग अर्धा रिकामा असतो हे प्राध्यापकच सांगतात; तोच तास मागे सरकवून खेळाला दिला तर बुडणार काय?

हे अगदीच अशक्य असेल तर दुसरा मार्ग एस.टी.चा. महाशिवरात्रीला औंढा नागनाथसाठी जादा गाड्या सुटतात. भाविकांची गरज महामंडळाला समजते. आठवड्यातून दोन दिवस दोन-तीन मार्गांवरील परतीची गाडी एक तास उशिरा सोडावी, अशी मागणी प्राचार्यांच्या सहीने, गावांची व पासधारकांची यादी जोडून केली तर आगार व्यवस्थापक ती फेटाळतीलच असे मानण्याचे कारण नाही. पुढील शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक जूनमध्ये सूचनाफलकावर लागेल. हे पत्र त्यापूर्वी आगारात पोहोचावयास हवे.