रोहिणीतला पाऊस कोणाचा?



25 मे 2025 रोजी रोहिणी नक्षत्र लागले आणि त्याच दिवशी बारामती-इंदापुरात आभाळ फाटले. भवानीनगरच्या वरच्या अंगाला पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला, पाणी शेतांत आणि घरांत शिरले, दोन्ही तालुक्यांत एनडीआरएफची पथके आणावी लागली. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिरायती वाड्यांचे ओढे वाहिले. दुसऱ्याच दिवशी, 26 मेला, मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद त्याआधी नव्हती. मग पारावर जे व्हायचे तेच झाले. पाऊस लवकर आला, आता चाड्यावर मूठ धरा!

आणि पाऊस थांबला. मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशी त्याची रेषा मेअखेरीस आखली गेली ती जूनच्या मध्यापर्यंत हलली नाही. घाई करू नका, असे कृषी खाते सांगत होते, हे आम्ही नाकारत नाही. पण डोळ्यांसमोर तुंबलेले रान असताना 'पाऊस अजून आलेला नाही' हे कोणाला पटावे?

त्यासाठी तो पाऊस कोणाचा होता हे आधी समजून घ्यावे लागेल. 22 मेच्या सुमारास दक्षिण कोकण-गोव्यासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. 24 मेच्या सकाळी त्याचे डिप्रेशन झाले आणि दुपारच्या सुमारास ते रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले. (बातम्यांत या सगळ्यालाच सरसकट 'कमी दाबाचा पट्टा' म्हणतात. पट्टा वेगळा, क्षेत्र वेगळे, डिप्रेशन वेगळे. वारा ताशी 31 किलोमीटरच्या पुढे गेला की डिप्रेशन, 62 च्या पुढे गेला की चक्रीवादळ.) नेहमीचा मोसमी वारा आपले पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे करतो आणि आपल्याकडे कोरडा होऊन उतरतो, म्हणून आपण पर्जन्यछायेत. पण समुद्रातले असे भोवरे घाट चढून आत सरकले की त्यांना छाया अडवत नाही. त्यांचा पाऊस आपल्याकडे दोन दिवसांत जोराने पडतो आणि भोवऱ्याबरोबरच निघून जातो. मागून नियमित वारा येईलच याची हमी तो पाऊस देत नाही.

उलटेही घडते. 6 जून 2023 ला बिपरजॉय वादळ अरबी समुद्रात उठले, किनाऱ्यापासून दूर राहून उत्तरेला गेले आणि 15 जूनला गुजरातेत जखाऊजवळ धडकले. मोसमी पाऊस 11 जूनला दक्षिण कोकणात आला होता, पण वादळाने वाऱ्यांची घडीच विस्कटली आणि मुंबईला पोचायला त्याला 25 जून उजाडला. त्याच वर्षी ऑगस्ट कोरडा गेला, आणि ऑक्टोबर अखेरीस राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बारामती आणि इंदापूरही होते. 2019 मध्ये 'वायू' वादळानेही मोसमी पावसाला असेच रखडवले. म्हणजे वादळ जवळून आत आले तर फसवा पाऊस, दूरून गेले तर लांबलेला पाऊस. दोन्हीकडे नागवला जातो तो जिरायतवाला.

हे आधी कळते का? बरेचसे कळते. उपग्रहाची ढगांची चित्रे सतत येत असतात आणि ढगांच्या गुंडाळीवरून वादळाचा जोर मोजतात. एकदा डिप्रेशन झाले की ते दोन-तीन दिवसांत कुठे जाईल हे आता बऱ्यापैकी सांगता येते. त्याआधीचे मात्र शक्यतेच्या भाषेतच सांगता येते. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांत समुद्रात वादळ उठण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढते. गुरुवारीच पुढच्या चार आठवड्यांच्या पावसाचाही अंदाज निघतो. पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली सहा किलोमीटरच्या चौकटीची नवी अंदाज प्रणाली देशाला अर्पण झाली ती 26 मे 2025 ला, कालवा फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी! शास्त्र कमी पडते अशी आमची तक्रार नाही.

तक्रार अशी की ते शास्त्र पेरणीच्या भाषेत बोलत नाही. पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे आज किती कोसळेल ते सांगतात. शहरातल्या माणसाला तेवढे पुरते. आम्हाला हवे असते ते पुढच्या पंधरा दिवसांचे. 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, ही शिफारस आम्ही कृषी पदवी घेताना शिकलो आणि पुढे वर्षानुवर्षे गावोगाव सांगत राहिलो. ती चूक नाही, पण अपुरी आहे. हे शंभर मिलिमीटर मोसमी पावसाने पंधरा दिवसांत दिले तर गोष्ट वेगळी आणि एखाद्या डिप्रेशनने दोन रात्रींत ओतले तर वेगळी. रानातली ओल दोन्ही वेळा सारखीच दिसते. वाफसाही येतो. भारी काळ्या रानात ती ओल पुढच्या पावसापर्यंत रोपाला धरून ठेवील, मुरमाड हलक्या रानात जूनच्या उन्हात आठ दिवसांत उडून जाईल. म्हणून हलक्या रानात अशा पावसावर सरकी टोबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुळवाची पाळी घालावी, तण मारावे, बांध दुरुस्त करून ओल आत मुरवावी. रब्बीच्या ज्वारीसाठी राखलेल्या रानाला तर हा पाऊस फुकटचा फायदा आहे.

'थांबा' म्हणणे सोपे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. खरिपाची ज्वारी उशिरा पेरली की खोडमाशी पोंगा खाते, कपाशी लांबली की परतीच्या पावसात सापडते. थांबण्यालाही किंमत आहे आणि तीही शेतकऱ्यानेच मोजायची. पेरून मोड झाली तर 2025 च्या दराने सरकीची एक पिशवी 901 रुपये, एकरी दोन लागतात, वर बैल किंवा ट्रॅक्टर, मजुरी आणि खत. विम्याचे म्हणाल तर 2025 च्या खरिपात राज्याने पेरणीच न होण्याबद्दलची भरपाई योजनेतून काढून टाकली, राहिली ती पीक कापणी प्रयोगावरची. जूनमध्ये करपलेले बियाणे डिसेंबरच्या पीक कापणीत कुठे दिसणार? कागदावर ते नुकसान झालेलेच नसते.

त्यात 2024 साली देशभरातली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद केली गेली. समुद्रावरच्या अंदाजाचे गावच्या रानात काय करायचे हे सांगणारा माणूस तिथेच बसत होता. खर्च वाचवल्याचे सांगितले गेले. किती पिशव्या वाया गेल्या याचा हिशेब त्या खर्चात कोणी धरला होता?

आमची मागणी मोठी नाही. 15 मे ते 15 जुलै या दोन महिन्यांत गुरुवारचे दोन्ही अंदाज शुक्रवारी सकाळी मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. त्यात तीन वाक्ये पुरतात: पडलेला किंवा पडणारा पाऊस समुद्रातल्या भोवऱ्याचा की मोसमी वाऱ्याचा, पुढचे दोन आठवडे या महसूल मंडळात पाऊस राहील याची शक्यता किती, आणि हलक्या व भारी रानासाठी सल्ला काय. अंदाज चुकेल तेव्हा चुकला असे पुढच्या शुक्रवारी त्याच फलकावर लिहावे, आम्ही त्याबद्दल कोणाला फासावर चढवणार नाही. आणि हा सल्ला मानून किंवा सरकारी घोषणेवर विसंबून पेरलेले मोडले तर दुबार पेरणीच्या बियाण्याची भरपाई मिळावी. मंडळाच्या पर्जन्यमापकात 65 मि.मी. भरले की अतिवृष्टी धरता, तर त्याच पर्जन्यमापकातले पुढचे पंधरा कोरडे दिवसही मोजा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गेल्या तीन खरिपांत कोणत्या तारखेला पेरा केला, कोणत्या रानात, कोणते पीक, किती मोडले आणि पुन्हा किती पेरले, एवढेच त्यावर लिहावे. बियाण्याच्या पावत्या असतील तर सोबत जोडाव्यात. कृषी अधीक्षकांना द्यायच्या निवेदनाला हे सगळे कागद लावायचे आहेत.