ताट रिकामं परत जाऊ नये

पहाटे विहिरीवर गेलं की तोंडातून वाफ निघते. शेकोटीला बसल्याशिवाय हाताची बोटं सरळ होत नाहीत. ज्वारी हुरड्यावर आली आहे, गहू वीतभर वाढला आहे आणि गुऱ्हाळाकडून वारा सुटला की नव्या गुळाचा वास थेट ओट्यापर्यंत येतो. दिवाळीचे डबे केव्हाच रिकामे झाले, संक्रांतीला अजून अवकाश आहे. अशा मधल्या दिवसांत आमच्या बांधापलीकडच्या मळ्यात सण असतो. तो नाताळचा.

आमच्या नगर जिल्ह्याला, आता कागदोपत्री अहिल्यानगरला, हा सण नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली १८३१ साली. तेव्हापासून इथली कितीतरी शेतकरी आणि मजूर कुटुंबं नाताळ पाळत आली आहेत, आणि तोही आपल्या मातीच्या रीतीनं. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं बिऱ्हाड काही वर्षं आमच्या राहुरीला होतं. त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग दिले, कीर्तन दिलं. त्यामुळे नाताळच्या आधी रात्री घरोघर फिरणारी गाणारी मंडळी आली, तर त्यांच्यात पेटी, ढोलकी आणि झांजाही असतात. फराळाचं ताट पाहिलं तर चकली, करंजी, लाडू, शंकरपाळे. अगदी आपली दिवाळीच. हल्ली केक असतो, पण तो पाहुण्यासारखा एका बाजूला बसलेला.

आमच्या सासूबाई आणि पलीकडच्या मळ्यातल्या आजी एकाच वर्षी लग्न होऊन या शिवारात आल्या. पाणी एकाच विहिरीचं. दोघींमध्ये एक पितळी ताट फिरायचं. दिवाळीला ते आमच्याकडून फराळ घेऊन पलीकडे जायचं, तिथंच राहायचं आणि नाताळाला भरून परत यायचं. संक्रांतीला पुन्हा तिळगूळ घेऊन पलीकडे. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामं देत नाहीत.

मागल्या भादव्यात आजी गेल्या. दिवाळीला आम्ही नेहमीप्रमाणे ताट पाठवलं. डिसेंबरचा दुसरा आठवडा असेल, त्यांच्या सूनबाई, आमच्या वहिनी, ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. ताटावर फडकं होतं आणि फडक्याखाली गुळाचा एक खडा.

"मावशी, औंदा आमच्याकडं तळण नाही. आत्याबाईंना जाऊन चार महिने नाही झाले. देवळात जाऊ, प्रार्थना करू, बास. हे तुमचं ताट."

सासूबाईंनी गूळ उचलून कपाळाला लावला. "रीत पाळलीस, बरं केलंस. पण हे ताट मी असं घ्यायची नाही. तिचे गुळाचे शंकरपाळे घालून आण."

वहिनी खाली बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला येत नाहीत मावशी त्यांच्यासारखे. त्यांनी कधी पीठ मोजलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. वाटायचं, आहेत की त्या."

भगिनींनो, हे शेवटचं वाक्य ऐकून माझ्या पोटात कालवलं. माझ्या आईच्या हातच्या किती गोष्टी मी अशाच 'आहे की ती' म्हणून सोडून दिल्या आहेत!

सासूबाई मात्र शांत होत्या. "मला येतात. तिनंच शिकवलेत. दुखवटा आहे ना, मग तुझ्या घरी कढई ठेवू नको. आमच्या चुलीवर ठेवू. उद्या दुपारी पोरीला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दोघी मायलेकी आल्या. सासूबाई मुठीनं पीठ घेणार, ओंजळीनं गूळ घेणार. म्हणून मी वाटी घेऊन शेजारी बसले आणि त्यांनी परातीत टाकायच्या आधी प्रत्येक मूठ वाटीत मोजली. त्यांना त्याचा राग आला. "स्वयंपाक आहे का दुधाचा रतीब?" म्हणाल्या. पण त्यामुळे ते माप आज तुमच्या हाती देता येतंय.

एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी पाणी, पाव वाटी तूप किंवा तेल आणि मावेल तशी साधारण तीन वाट्या कणीक. गूळ पाण्यात मंद आचेवर फक्त विरघळवायचा. त्याचा पाक करायचा नाही, नाहीतर शंकरपाळे दगड होतात. पाणी गाळून निवू द्यायचं. कणकेत चिमूट मीठ, दोन चमचे तीळ आणि थोडं जायफळ घालून त्यावर तूप कडकडीत तापवून ओतायचं, चोळून घ्यायचं आणि गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवायचं. अर्धा तास झाकून ठेवावं. पोळी पुरीपेक्षा जाड लाटावी, कातण्यानं कापावी. आच मंदच हवी, कारण गूळ लवकर करपतो. किंचित मऊ असतानाच बाहेर काढावेत, गार झाल्यावर खुसखुशीत होतात. यात विकतचं म्हणजे जायफळ. गहू घरचा, तीळ घरचे, गूळ गावच्या गुऱ्हाळाचा.

कोकणपट्टीला उतरलं की सणाचे पदार्थ बदलतात. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळाला कुलकुल करतात. पिठाची छोटी गोळी काट्याच्या किंवा नव्या फणीच्या दातांवर दाबून गुंडाळायची की शिंपल्यासारखा आकार होतो. एका माणसाचं ते काम नव्हे. त्याला घरातली पोरंसोरं, म्हातारी माणसं, शेजारपाजार सगळे लागतात. गोडाचं कौतुक असतंच, पण अर्धी गोडी त्या घोळक्याची असते.

आमच्या चुलीपाशीही तेच झालं. पहिला घाणा निघाला तेव्हा वहिनींनी एक शंकरपाळा तोंडात टाकला आणि पदर डोळ्यांना लावला. "त्याच आहेत," एवढंच म्हणाल्या. सासूबाई झाऱ्यानं दुसरा घाणा हलवत राहिल्या. त्यांनीही मान वर केली नाही.

वहिनींची लेक पाचवीत आहे. आईनं सण नाही म्हटलं तरी तिनं एक गोष्ट गुपचूप केली होती. डब्याच्या जुन्या झाकणात माती भरून गहू पेरला होता. आपण नवरात्रात घटाला धान पेरतो तसाच. गोव्याकडे यासाठी पोरं नाचणी पेरतात. नाताळाच्या देखाव्यात येशूबाळाच्या गोठ्याभोवती हिरवं शेत दिसायला हवं, म्हणून हा खटाटोप.

हा देखावा मांडायची चाल जुनी आहे. इटलीतल्या ग्रेचो नावाच्या गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली नाताळच्या रात्री खरा बैल, खरं गाढव आणि चारा भरलेली गव्हाण मांडून लोकांना ती कथा दाखवली. गंमत अशी की, लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत निजवल्याचं लिहिलं आहे, पण जनावरांचा उल्लेखच नाही. गव्हाण म्हटल्यावर बैल आलाच, हे लोकांनी आपल्या मनानं भरून घेतलं. शेतकऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि ती बातमी पहिल्यांदा कळली कुणाला, तर रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. आमच्याकडे या दिवसांत धनगरांचे वाडे उतरलेले असतात. रान मोकळं असलं की खतासाठी रात्री मेंढरं बसवून घेतो. अंधारात कंदील, काठी, कुत्रं आणि घोंगडी पांघरून बसलेला माणूस. दोन हजार वर्षांपूर्वीची ती रात्र आमच्या वहिनींच्या लेकीला चित्रात बघावी लागत नाही, बांधावर उभं राहिलं की दिसते.

पोरीनं यंदा देखावा घरात न मांडता खऱ्या गोठ्यातच मांडला. आजोबांनी तिला बांबूच्या कामट्यांची चांदणी करून दिली. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. टोकं एकमेकींना बांधायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या काड्या अडकवायच्या, म्हणजे पोट फुगतं. वर पतंगाचा कागद, चिकटवायला कणकेची खळ. आत दिवा नको, कागद पेट घेतो. लहानसा एलईडी बल्ब पुरतो, तो फारसा तापत नाही.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी गव्हाणीत कडब्याची कुट्टी पसरली, मातीचं बाळ ठेवलं आणि बाजूला झाकणातला हिरवागार गहू. सगळी मंडळी देवळात रात्रीच्या उपासनेला गेली. परत येऊन बघतात तर वासराचं दावं सुटलेलं आणि झाकणात नुसती माती! पोरीनं भोकाड पसरलं. आमच्यापर्यंत आवाज आला, म्हणून आम्हीही बॅटरी घेऊन धावलो. वाटलं, विंचूच चावला.

आजोबा हसायला लागले. आजी गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "अगं, गव्हाणीत ठेवलं तर वासरू खाणारच की! ती काय शोभेची हाय?"

सासूबाईंनी माझ्या हातातली बॅटरी घेतली, तशाच आमच्या गव्हाच्या वाफ्यात उतरल्या आणि मुळासकट दोन ठोंब उपटून आणले. ते झाकणात लावले. आता वासराला दुसऱ्या खुंट्याला बांधलं होतं. पोरीनं डोळे पुसून बाळाच्या अंगावर कुट्टीच्या दोन काड्या सारख्या केल्या. थंडी फार होती ना!

पंचवीसला दुपारी दोन्ही घरं बांधावर जमलो. आगटीत गोवऱ्या पेटवून कणसं भाजली. तळहातावर चोळलेला गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी. नवे कपडे पोरीच्याच अंगावर होते, बाकी सगळे रोजच्याच कपड्यांत. मोठा सण झाला नाही. वहिनींना तो करायचाही नव्हता. पण घर मुकं राहिलं नाही. आणि पितळी ताट शंकरपाळ्यांनी भरून आमच्या घरी आलं.

वाचक भगिनींनो, बाजारात आता सगळं तयार मिळतं. अडीअडचणीला ते घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण पुडक्यावर वजन छापलेलं असतं, आजीची मूठ छापलेली नसते. म्हणून एक काम या आठवड्यातच करा. घरातल्या थोरल्या बाईला चुलीपाशी बसवा, वाटी घ्या आणि तिची मूठ मोजा. ती रागावेल. रागावू द्या. मुलांच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर माप लिहून ठेवा, आणि एक प्रत शेजारणीला द्या. आमच्या वहिनींना त्यांच्या सासूचा हात परत मिळाला, तो आमच्या सासूबाईंकडे राहिला होता म्हणून.

ताट सध्या आमच्या फळीवर आहे. संक्रांतीला ते पलीकडे जायचं आहे. तीळ निवडायला घेतले आहेत.