अडीच हजारांचा ब्रश आणि तांब्याभर पाणी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गुडघेदुखी, साखर आणि लेकराचे न जेवणे हे विषय नेहमीचे. या वेळी मात्र गेवराई तालुक्यातील एका वाचक भगिनीने वेगळाच प्रश्न विचारला आहे. त्या लिहितात, ‘धाकट्या बहिणीचे लग्न वैशाखात आहे. मेकअपचा अडीच हजार रुपयांचा एक ब्रश घेऊन द्या म्हणून ती हटून बसली आहे. दुकानदार सांगतो, स्वस्त ब्रशने तोंडावर पुरळ उठते. हे खरे आहे काय? ब्रश घ्यावा की न घ्यावा?’

पत्र वाचून आधी हसू आले. ब्रशच्या किमतीचा आणि आरोग्याच्या सदराचा संबंध काय? पण मागच्या एका लग्नसराईतली सकाळ आठवली आणि हसू थांबले.

मे महिन्याचे दिवस होते. नऊ वाजायच्या आत एक आई लेकीला घेऊन दवाखान्यात आली. मुलीच्या हातावर ताजी मेंदी, तोंडावर ओढणी. ओढणी बाजूला केली तर दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर पिवळ्या टोकाच्या बारीक पुळ्या, आणि डावा डोळा चिपडांनी पार चिकटलेला. ‘मॅडम, परवा लगीन हाय हो,’ आई म्हणाली, ‘एखादं जालीम इंजेक्शन द्या, पण उद्यापस्तोर तोंड नीट करा.’ चार दिवसांपूर्वी पार्लरमध्ये मेकअपची ‘ट्रायल’ झाली होती. काय काय लावले, कशाने लावले, असे मी विचारू लागले तेव्हा मुलगी म्हणाली, ‘ब्रश तर भारीतला होता, मॅडम. दादानं पुण्याहून आणला, अडीच हजाराचा. मी पंधरा दिवस आधीच पार्लरवाल्या ताईंकडे ठेवायला दिला होता.’ ताईंना तो इतका आवडला की त्या पंधरा दिवसांतल्या सगळ्या नवऱ्यांना त्यांनी त्याच ब्रशने सजवले. मधे धुतला होता का, असे विचारले. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. ‘एवढा महागाचा. धुऊन खराब नाही का व्हायचा?’

वाचकहो, दुकानदार जे सांगत नाही ते या एका वाक्यात आहे. महाग वस्तू आपण जपतो, आणि जपायचे म्हणून पाण्यापासून लांब ठेवतो. ती झिजली तरी टाकवत नाही. चारचौघींत ती कौतुकाने फिरते. ताटल्या-वाट्यांच्या बाबतीत हे चालते. चेहऱ्याला लागणाऱ्या वस्तूच्या बाबतीत नेमके उलटे हवे. ती आपल्यापुरती हवी, बिनधास्त धुता आली पाहिजे, आणि खराब झाली की हळहळ न वाटता टाकता आली पाहिजे.

त्या मुलीच्या पुळ्या ब्रशमुळेच उठल्या, असे मी शपथेवर सांगणार नाही. उन्हाळ्याचा घाम, वर फाउंडेशनचा जाड थर, याने केसांच्या मुळाशी पू धरू शकतो. डोळ्याला काजळाची सामाईक कांडीही कारण झाली असेल. पण दहा-बारा चेहऱ्यांवर फिरलेला, तेलकट, न धुतलेला ब्रश या यादीत फार खाली ठेवता येत नाही. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर मुकाट्याने राहत असतो. एकीच्या पुळीवरून फिरलेला ब्रश तो दुसरीच्या सोललेल्या त्वचेवर नेऊन ठेवतो. लग्नाआधी ब्लीच, थ्रेडिंग, फेशियल झालेले असते. त्वचा तशीही हुळहुळलेली असते. ओठांच्या ब्रशची गोष्ट आणखी वेगळी. तापानंतर ओठावर जो जर उठतो तो विषाणूचा असतो आणि सामाईक ब्रशवरून, लिपस्टिकवरून तो दुसरीला होऊ शकतो. डोळ्यांचे तर सांगायलाच नको. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर डोळे आले होते तेव्हा रुमाल, टॉवेल वेगळे ठेवा असे घरोघर बजावले जात होते. ब्रश हा केसांचा रुमालच समजा.

आता दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य किती ते पाहू, कारण अगदीच खोटे तो बोलत नाही. महाग ब्रश बहुधा जनावरांच्या केसांचे असतात. कोणत्या जनावराचे? बहुतेक वेळा शेळीचे, काही तट्टाचे, काही खारीचे. ज्या भागात उस्मानाबादी शेळी दारोदार बांधलेली असते तिथल्या माणसाने शेळीच्या केसांना अडीच हजार मोजावेत, ही गंमतच आहे. (कोणी ‘अस्सल मुंगसाचे केस’ म्हणून ब्रश पुढे केला तर मात्र हातही लावू नका. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे. चित्रकारांच्या ब्रशांसाठी त्याची कत्तल होते म्हणून २०१९ साली देशभर छापे पडले होते.) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर केसाला बारीक खवले असतात. त्या खवल्यांत पावडर चांगली धरते आणि चेहऱ्यावर सारखी पसरते. जपानमध्ये हिरोशिमाजवळ कुमानो नावाचे गाव आहे. मुळात सुलेखनाचे ब्रश बनवणारे हे गाव आता मेकअपच्या ब्रशांसाठी जगभर ओळखले जाते. २०११ साली जपानच्या मुलींनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हा सरकारने सन्मानाबरोबर त्यांना कुमानोचे ब्रश भेट दिले होते. कारागिरी खरी आहे, मऊपणाही खरा आहे.

पण ज्या खवल्यांत पावडर धरते त्यांतच मेण, तेल, मेलेली कातडी आणि ओलही धरते. तसा ब्रश धुवायला किचकट आणि वाळायला वेळखाऊ. वारंवार स्पिरिट लावले की त्याचे केस कोरडे पडून तुटतात. उलट नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचा ब्रश गुळगुळीत असतो, फार शोषून घेत नाही, लवकर धुतला जातो, लवकर वाळतो. पातळ आणि क्रीमसारख्या मेकअपला तर तोच बरा. म्हणजे आरोग्याच्या तराजूत तोलले तर पारडे स्वस्ताकडे झुकते.

अगदी स्वस्ताकडेही नव्हे. जत्रेतल्या पाटीवर मिळणारा ब्रश कधी कधी असा टोचरा असतो की त्याने चूलही झाडवणार नाही. तोंडावर मुरुम असतील किंवा त्वचा नाजूक असेल तर अशा ब्रशने ओरखडे पडतात आणि जंतूंना आयती वाट मिळते. दुकानदाराचे ‘पुरळ’ खरे असेल तर ते एवढ्यापुरते. म्हणून घेताना मनगटाच्या आतल्या बाजूला ब्रश दोन-चार वेळा फिरवून पाहावा. टोचला तर ठेवून द्यावा. केस हलके ओढून पाहावेत. हातात आले तर तोही ठेवून द्यावा. या दोन परीक्षांना उतरणारे ब्रश दोन-तीनशे रुपयांत मिळतात. त्यापुढचा पैसा नावाचा, दांड्याच्या लाकडाचा आणि डबीचा.

आणि तो पैसा किती, हे आपल्या जिल्ह्याच्या मापाने मोजावे. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा दर वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. त्या हिशेबाने अडीच हजार म्हणजे जवळजवळ सात टन ऊस. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको मिळून, दिवसाला दोनेक टन तोडतात. एका ब्रशासाठी तीन-साडेतीन दिवस दोन माणसे पहाटेपासून फडात. ज्यांच्याकडे आहे त्यांनी हौस जरूर करावी. लग्न रोज होत नाही, आणि नवरीचा फोटो चाळीस वर्षे भिंतीवर राहतो. त्या मुलीची आई फोटोसाठीच रडत होती आणि मला ते रडणे मुळीच खोटे वाटले नाही. पण ज्या घरी कोयत्याची उचल फेडायची आहे तिथे ‘स्वस्त ब्रशने तोंड खराब होईल’ ही भीती घालून माल खपवणे मला पटत नाही. हौसेपोटी घ्या, भीतीपोटी घेऊ नका.

आपल्या आजींच्या फणी-करंड्याच्या पेटीत ब्रश नव्हता. मेण, कुंकू आणि स्वतःचे बोट. बोट रोज दहा वेळा धुतले जायचे, हे त्याचे मोठेपण. हळदीकुंकवाला एकच बोट सगळ्यांच्या कपाळाला लागे हे खरे, पण एक टिकली आणि गालापासून पापणीपर्यंत अर्धा तास घासला जाणारा ब्रश यांत अंतर आहे.

आता खरी अडचण. आपल्याकडे लग्ने कधी होतात? तोडीवरून माणसे गावी परतली की. म्हणजे चैत्र-वैशाखात. आणि नेमके तेव्हाच नळाला पाणी नसते, टँकरची वाट पाहावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा दिवसांत एका पार्लरवालीला मी ‘ब्रश धूत जा’ म्हणाले तेव्हा ती फणकारली, ‘मॅडम, इथं प्यायला घागर नाही, आणि ब्रश कशाने धुऊ?’ तिचे म्हणणे चूक नव्हते. म्हणून मी घरी करून पाहिले. चार ब्रश नीट धुवायला तांब्याभर पाणी पुरते.

रीत अशी. ब्रशचे केस तेवढे ओले करावेत. धातूच्या नळीत पाणी जाऊ देऊ नये, नाही तर आतला डिंक सुटून केस गळतात. रुपया-दोन रुपयांची शाम्पूची पुडी पाच-सहा ब्रशांना होते. तळहातावर थेंबभर घेऊन केस गोल फिरवावेत. फेसाचा रंग जाईपर्यंत थोड्या थोड्या पाण्याने खळबळून घ्यावेत. स्वच्छ फडक्यात दाबून, केसांना आकार देऊन, ब्रश आडवा ठेवावा, केसांचा भाग टेबलाच्या कडेबाहेर राहील असा. ग्लासात उभा ठेवू नये. ओल खाली नळीत उतरते. आपल्या उन्हाळ्यात सावलीतही तो लवकर वाळतो. पुरता वाळल्याशिवाय वापरू नये. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना सात ते दहा दिवसांतून एकदा धुण्याचा सल्ला देते. तो घरी एकटीच्या वापरासाठी आहे. पार्लरमध्ये प्रत्येक बाईनंतर ब्रश बदलला पाहिजे.

पार्लरवाल्या ताईंवर माझा राग नाही. एका तिथीला पाच नवऱ्या, बाहेर वऱ्हाडाचा आरडाओरडा, लाइट गेलेली. योगेश्वरीचे लग्न मुहूर्त टळल्यामुळे राहिले आणि वऱ्हाड दगडाचे झाले, ही अंबाजोगाईची आख्यायिका आपल्याकडे प्रत्येक नवरीच्या बापाला ठाऊक असते, आणि तो तसाच दारात उभा असतो. पण या घाईतही होण्यासारखे पुष्कळ आहे. एका महाग ब्रशाच्या किमतीत मध्यम प्रतीचे तीन-चार संच येतात. एक वापरात, एक वाळत, एक तयार. धुवायला सवड नसेल तर मेडिकलच्या दुकानातले सत्तर टक्के स्पिरिट ब्रशवर मारावे, पुसावे, आणि पुरते उडू द्यावे. तेलकट थर मात्र स्पिरिटने निघत नाही, त्याला संध्याकाळी शाम्पू हवाच. वापरलेला ब्रश पुन्हा पावडरच्या डबीत बुडवू नये. लागेल तेवढी पावडर ताटलीत काढून घ्यावी. काजळ आणि मस्कारा ज्याचा त्याने आणावा.

नवरीने काय करावे? आपले तीन-चार साधे ब्रश, काजळ आणि लिपस्टिक पिशवीत घालून पार्लरमध्ये न्यावे, आणि येताना पिशवी परत आणावी. संकोच करू नये. ट्रायल लग्नाच्या आधी निदान दहा-बारा दिवस ठेवावी, म्हणजे काही उठलेच तर बरे व्हायला वेळ मिळतो. तोंडावर पू असेल, डोळा लाल असेल, तर त्या दिवशी मेकअप नाहीच. आणि मैत्रिणीने सुचवलेली गोरेपणाची किंवा खाजेची स्टिरॉइड असलेली ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नये. त्या मुलीच्या आईने माझ्याकडे येण्याआधी दोन दिवस तेच केले होते. म्हणून पुळ्या आणखी पसरल्या.

तिला मी जालीम इंजेक्शन दिले नाही. मलम दिले, डोळ्यांत टाकायला थेंब दिले, तोंडाला काही लावू नको म्हणाले. ती मुंडावळ्या बांधून, नुसत्या कुंकवानिशी उभी राहिली. पार्लरला आगाऊ दिलेले पैसे परत मिळाले नाहीत. ब्रश मात्र परत मिळाला.

तेव्हा गेवराईच्या भगिनींना उत्तर असे: अडीच हजारांचा ब्रश घेऊ नका. तीनशेचा संच घ्या, आणि मनगटावर फिरवून मगच घ्या. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे की ब्रशऐवजी स्पंज वापरला तर चालेल काय. स्पंज आतून ओला राहतो, म्हणून ब्रशहून जास्त सांभाळावा लागतो. इंग्लंडच्या ॲस्टन विद्यापीठाने २०१९ साली लोकांनी वापरलेल्या मेकअपच्या वस्तू तपासल्या, तेव्हा मेकअपच्या स्पंजांपैकी ९३ टक्के एकदाही धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के जमिनीवर पडल्यावरही तसेच वापरले गेले होते. तिथे नळाला चोवीस तास पाणी असते. आपण स्पंज घेतलाच तर प्रत्येक वेळी वापरल्यावर साबणाने धुऊन, पिळून, उघड्यावर वाळवावा, बंद डबीत ठेवू नये, आणि वास येऊ लागला किंवा काळे ठिपके दिसले की त्याच दिवशी टाकून द्यावा.