तुमच्यात चालतं का हे?

गेल्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणात दुपारच्या जेवणानंतर ध्यानाचा एक तास होता. वर पंखे घरघरत होते, निम्मी मंडळी पेंगत होती. मार्गदर्शक सांगत होते, "डोळे मिटा. विचार येतील, येऊ द्या. त्यांना अडवू नका आणि त्यांच्या मागेही जाऊ नका. तुम्ही म्हणजे तुमचे विचार नाहीत." मीही डोळे मिटले. तास संपल्यावर आमच्याच शाळेतल्या एका मॅडमनी मोकळ्या मनाने विचारलं, "मॅडम, तुमच्यात चालतं का हे?"

प्रश्नात खोच नव्हती. आम्ही कित्येक वर्षं एकाच स्टाफरूममध्ये डबा खातो. मी "चालतं की" एवढंच म्हणाले आणि आम्ही चहाच्या रांगेत उभ्या राहिलो. पण उत्तर अर्धवट राहिल्याची चुटपुट मनाला लागून राहिली. आपल्यातही अनेकांना ध्यान, साक्षीभाव, अद्वैत हे शब्द ऐकले की ते 'त्यांचं' काहीतरी आहे असं वाटतं. म्हणून हे राहिलेलं उत्तर दोघांसाठीही लिहिते आहे.

सुरुवात नमाजपासून करते, कारण आपल्या मनाची खरी ओळख आपल्याला तिथेच होते. दिवसभर डोक्यात काय चाललंय हे कळत नाही. इशाच्या चार फर्ज रकातींसाठी उभं राहिलं की कळतं. तोंडाने फातिहा चालू असते आणि मन विचारत असतं, गॅस बंद केला का? दहावीचे पेपर किती राहिले? नणंद परवा तसं का बोलली? मग अचानक प्रश्न पडतो, ही तिसरी रकात की चौथी?

आपल्या धर्मशास्त्राने हे आधीच गृहीत धरलेलं आहे. रकातींबद्दल शंका आली आणि काही केल्या आठवेना, तर ज्या आकड्याची खात्री आहे तो धरून पुढे जायचं आणि शेवटी सजदा-ए-सह्व, म्हणजे विसरल्याचे दोन सजदे करायचे. मन भटकणार, हे धरूनच त्यावरचा उपाय इबादतीत ठेवलेला आहे. भटकलात म्हणून तुम्ही वाईट, असं तिथे कोणी म्हणत नाही. माणसाने परत यायचं.

आणि जे मनात येतं त्याला आपल्याकडे शब्दही आहे, वसवसा. कुरआनच्या अगदी शेवटच्या सूरत, सूरह नासमध्ये तो आहे. मूळ अरबीत हा शब्द कुजबुजीसाठी आणि दागिन्यांच्या किणकिणीसाठीही वापरतात. म्हणजे कानाशी हळूच वाजणारा आवाज. लक्षात घ्या, तो ऐकू येतो. जो ऐकू येतो तो ऐकणाऱ्याहून वेगळा असतो. काही सहाबींनी पैगंबरांकडे (स.) तक्रार केली होती की मनात असे विचार येतात जे तोंडाने उच्चारणंही जड जातं. त्यांना दटावलं गेलं नाही. उलट असं जड वाटणं हे इमानाचं लक्षण आहे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. मनात आलेलं माफ आहे, जोवर माणूस ते बोलत किंवा करत नाही, या अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे. प्रशिक्षणातल्या त्या वाक्याच्या हे किती जवळ आहे पाहा.

मी भाषेची शिक्षिका, त्यामुळे मला हे व्याकरणातही दिसतं. मराठीत आपण म्हणतो, मला राग आला, मला रडू आलं, मला आठवण आली. उर्दूतही तसंच, मुझे गुस्सा आया, मुझे याद आई. दोन्ही भाषांत राग हा येणारा आहे आणि मी ज्याच्याकडे तो येतो ती. वाक्याचा कर्ता राग आहे, मी नाही. जो आला तो जाईल, हेही त्या क्रियापदात आलंच. गडबड पुढच्या वाक्यात होते. 'मला राग आला' याचं 'मी रागीट आहे' होतं. 'मला भीती वाटली' याचं 'मी भित्री आहे' होतं. आलेला पाहुणा घराचा मालक होऊन बसतो. विचारांशी एकरूप होणं म्हणतात ते हेच. वर्गात एखादा मुलगा "बाई, मी ढ आहे" म्हणतो तेव्हा मी त्याला वाक्य दुरुस्त करायला लावते. "मला हे गणित आलं नाही" असं म्हण. यात गोंजारणं नाही. दुसरं वाक्य जास्त खरं आहे, म्हणून.

हे सगळं मला कळत होतं, पण एका गोष्टीत अजिबात वळत नव्हतं. अम्मी गेली त्या रात्री तिला दम लागला होता. "सकाळी जाऊ," ती म्हणाली आणि मीही ऐकलं. सकाळी उशीर झालेला होता. त्यानंतर दीड-दोन वर्षं एक वाक्य माझ्यासोबत राहिलं, 'तू तिला मारलंस.' लोक समजावत, वेळ अल्लाहने ठरवलेली असते. मी मान डोलवायची आणि रात्री तेच वाक्य पुन्हा.

एकदा फजरनंतर तसबीह घेऊन बसले होते. वाक्य आलं. त्या दिवशी, का कोण जाणे, त्याच्याशी भांडायचा कंटाळा आला होता. मी नुसती ऐकत राहिले आणि ध्यानात आलं की शब्द तेच आहेत. तोच क्रम, तोच सूर, वेळही साधारण तीच. दूधवाला येतो तसं ते रोज येत होतं. ज्या वाक्याला मी माझ्याबद्दलचं अंतिम सत्य समजत होते, ते एक येणारं वाक्य होतं. मी तसबीहचा पुढचा मणी सरकवला.

दुःख त्या दिवशी संपलं नाही, आजही नाही. 'तिला रात्रीच न्यायला हवं होतं' हेही खरंच आहे आणि ते मी नाकारत नाही. पण चूक वेगळी आणि निकाल वेगळा. चुकीसाठी तौबा आहे, तिच्यासाठी दुआ आहे. निकाल देणारी मी कोण?

इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये मनाचं हे काम पायऱ्यापायऱ्यांनी मांडलं आहे. आधी नुसता विचार मनात चमकतो, त्याला ते 'खातिर' म्हणतात. मग त्याच्याकडे ओढ वाटते. मग मन त्याला मान्यता देतं. शेवटी माणूस करायचं ठरवतो. पहिल्या दोन पायऱ्यांचा हिशेब माणसाकडून मागितला जात नाही, कारण त्या त्याच्या हातात नाहीत. हृदयाला त्यांनी अनेक दारांच्या घुमटाची उपमा दिली आहे; प्रत्येक दारातून काही ना काही आत येत राहतं. आणि हे त्यांनी पोथीतून उचललेलं नव्हतं. १०९५ साली, बगदादच्या निजामिया मदरशात ते नामवंत शिक्षक असताना, त्यांची वाचाच बसली. वर्गात शब्द फुटेना, घास गिळवेना, हकिमांनी हात टेकले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पद, कीर्ती सोडून ते बगदादबाहेर पडले. शिक्षिका म्हणून मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. 'मी मोठा विद्वान' हा विचार इतका घट्ट चिकटला होता की तो सुटताना जीभ लुळी पडली.

आता आपल्या मातीकडे येऊ. मुंबईत खेतवाडीत निसर्गदत्त महाराज राहत. विड्यांचं दुकान चालवणारा गृहस्थ, पोटमाळ्यावर बसून मराठीत बोलायचा. 'मी अमुक आहे, तमुक आहे' यातला अमुक-तमुक बाजूला ठेवा आणि नुसत्या 'मी आहे' या जाणिवेपाशी थांबा, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा. मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरने ते इंग्रजीत नेलं, १९७३ साली पुस्तक निघालं आणि जगभरातून माणसं त्या गल्लीत येऊ लागली. महाराज १९८१ मध्ये गेले. जग ज्यांना इंग्रजीतून वाचतं ते आपल्या भाषेत बोलत होते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आणि त्यांच्या कितीतरी आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद होऊन गेले. मुसलमान घरातला माणूस, मराठी ओवीत 'योगसंग्राम' लिहितो. पुस्तकाच्या नावातच लढाई आहे आणि ती बाहेरच्या कोणाशी नाही, आतल्या विकारांशी आहे. तेव्हा 'तुमच्यात चालतं का' याचं एक उत्तर श्रीगोंद्यात आहे.

पण सगळं एकच, असं म्हणून मी हात झटकणार नाही. फरक आहे आणि तो लपवणं बरं नाही. अद्वैत शेवटी सांगतं की पाहणारा आणि परमतत्त्व दोन नाहीत. आपल्याकडे इब्ने अरबींच्या परंपरेतला वहदतुल वुजूद हा विचार त्याच्या बराच जवळ जातो. पण सरहिंदचे शेख अहमद, जे १६२४ मध्ये गेले, त्यांनी त्यावर बोट ठेवलं. एकत्व हे अनुभवात दिसतं, प्रत्यक्षात बंदा बंदाच राहतो आणि रब रबच, असं त्यांचं म्हणणं. मी सामान्य बाई, या वादात निवाडा करणार नाही. सजद्यात माझं कपाळ कोणापुढे तरी टेकलेलं असतं आणि ते 'कोणीतरी' मला हवं आहे. पण वाटा जिथे वेगळ्या होतात ते ठिकाण फार पुढे आहे. 'मनात आलं म्हणजे ते मी नाही' हे पहिलं पाऊल दोन्हीकडे सारखंच आहे आणि आपण बहुतेक जण अजून तेही टाकलेलं नाही.

आता जे बोलायचं टाळत होते ते बोलते. त्या प्रशिक्षणात पुढचं वाक्य होतं, "तुम्ही तुमचं नाव नाही, जात नाही, धर्म नाही. सगळ्या ओळखी सोडा." सगळे डोळे मिटून शांत बसले होते, मी मात्र अडखळले. बदली होऊन नव्या गावी गेलो तेव्हा आम्ही भाड्याने घर पाहत होतो. एक घर पसंत पडलं, भाडं ठरलं, चहा झाला. मग घरमालकांनी पूर्ण नाव विचारलं. संध्याकाळी फोन आला की पुतण्या राहायला येणार आहे. अशा माणसाला 'नाव सोडा' म्हणणं सोपं नसतं. मी सोडेनही, पण समोरचा ते पुन्हा माझ्या गळ्यात अडकवतो. ज्याचं नाव कधी आडवं आलं नाही, त्याला ते सोडायला कितीसा वेळ लागणार?

यावर बरेच दिवस विचार केला. मला असं वाटतं की सोडायची गोष्ट नाव नव्हेच, नावाला चिकटलेला विचार. 'ही माणसं अशीच असतात' हा त्या घरमालकांच्या मनात आलेला एक वसवसा होता. त्यांनी तो स्वतःचं मत समजून पाळला. ध्यानाची गरज त्या दिवशी आधी त्यांना होती. आणि मग मलाही होती, कारण परतताना रिक्षात माझ्या मनात आलं, 'हे सगळे असेच.' वाक्य तेच होतं, फक्त माणसं बदलली होती. ते येणं माझ्या हातात नव्हतं. ते घरी नेऊन जेवताना मुलांसमोर वाढायचं की नाही, हे हातात होतं. मी वाढलं नाही.

म्हणून मी गप्प बसावं असं मात्र नाही. साक्षीभाव म्हणजे अन्याय पाहून डोळे मिटणं, असा अर्थ कोणी सांगू लागला तर तो मला मान्य नाही. राग आला हे दिसल्यावरही बोलता येतं, अर्ज करता येतो, हक्क मागता येतो. उलट तेव्हा हात कमी थरथरतो आणि अर्जातलं मराठी शुद्ध उतरतं.

आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्या घरांत लपवली जाते. वुजू पुन्हा पुन्हा करणं, तासतास हात धुणं, नमाज चुकली म्हणून दहादा पढणं हे वाढत गेलं तर तो निव्वळ वसवसा राहत नाही, आजार होतो. त्याला ओसीडी म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. शंकेने खात्री मोडत नाही, हा आपल्या फिकहचा नियमच आहे. पण आजारी माणसाला नियम सांगून भागत नाही. त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ध्यान, जिक्र सोबत असू द्या, औषधाच्या जागी नको.

तर मॅडम, आमच्यात चालतं. चालतं म्हणजे रोज पाच वेळा त्याचा सराव ठेवलेला आहे. आम्ही तो उठबशांसारखा उरकतो, ही आमची चूक. काल इशाला पुन्हा माझ्या रकाती चुकल्या. तिसरी की चौथी, आठवेना. तिसरी धरली, एक आणखी पढले, शेवटी दोन सजदे केले. गॅस बंदच होता.