स्वस्त आणि मस्त

पेनांगला येऊन गेलेला प्रत्येक पाहुणा जाताना एकच वाक्य बोलतो. "काय मस्त खायला मिळतं रे इथे, आणि काय स्वस्त!" मग तो पुण्याहून आलेला असो, सिंगापूरहून असो, नाहीतर क्वालालंपूरहून चार तास गाडी हाकत आलेला असो. यातल्या 'मस्त'बद्दल आपली काहीच तक्रार नाही. 'स्वस्त' हा शब्द मात्र हल्ली कानाला खुपतो. का खुपतो ते आज एकदा लिहूनच टाकतो.

आधी मस्तबद्दल, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

जॉर्ज टाऊनमधलं खाणं कळायचं तर आधी कोपितियाम कळायला हवं. 'कोपी' म्हणजे मलय भाषेत कॉफी आणि 'तियाम' म्हणजे होक्किएन चिनी बोलीत दुकान. नावातच दोन भाषा! दुकानाचा मालक विकतो फक्त चहा, कॉफी, सरबतं. खाण्याच्या गाड्या दुकानात भाड्याने उभ्या असतात, आणि प्रत्येक गाडीवर एखादाच पदार्थ. तुम्ही टेबल धरायचं, प्यायला काहीतरी सांगायचं (न सांगता बसलात तर मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो), मग गाड्यांवर फिरून ऑर्डर द्यायची. जो बशी आणून देईल त्याला तिथेच पैसे. एका टेबलावर चार गाड्यांचे चार पदार्थ आणि चार वेगळे हिशोब. आपल्याकडे हे चाललं असतं का, हा विचार मी दर वेळी करतो.

आणि पदार्थ तरी किती ओळखीचे निघावेत! इथलं आसाम लाक्सा घ्या. तांदळाच्या जाड शेवया आणि माशाचं आंबट-तिखट पातळ कालवण. त्यातला मासा बहुतेक वेळा इकान केंबुंग, म्हणजे आपला बांगडाच. आंबटपणाला चिंच आणि 'आसाम केपिंग' नावाच्या वाळलेल्या चकत्या. त्या ज्या झाडाच्या फळाच्या, ते आपल्या कोकमाचं सख्खं भावंड. वरून पुदिना, अननस, कांदा आणि कोळंबीची काळी दाट चटणी. मालवणच्या माणसाला हे खाताना निम्मं घर आठवतं आणि निम्मं काहीतरी भलतंच वाटतं. सकाळी मिळणारा 'पुतू मायम' म्हणजे ओलं खोबरं आणि गूळसाखर घातलेल्या शिरवळ्याच, फक्त नारळाच्या रसाशिवाय. चेंडोल म्हणजे किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ आणि हिरव्यागार शेवया. हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय. असो.

(शाकाहारी मंडळींनी जरा जपून. चार क्वे तियावमध्ये डुकराची चरबी असते आणि लाक्साला मासा सुटलेला नाही. पण चिनी बौद्धांची शुद्ध शाकाहारी दुकानं इथे आहेत, उपाशी राहायची वेळ येत नाही.)

आता नासी कंदार. 'नासी' म्हणजे भात आणि 'कंदार' म्हणजे चक्क कावड. तामिळ मुसलमान विक्रेते खांद्यावर कावड घेऊन, एका बाजूला भाताचं भांडं आणि दुसऱ्या बाजूला कालवणांचं, बंदरावरच्या हमालांना जेवण विकत फिरायचे. कावड गेली, नाव राहिलं. आज दुकानात भातावर तीन-चार कालवणं एकत्र ओततात. भरपूर हवं असेल तर 'बांजिर' म्हणायचं, म्हणजे पूर! अशा तामिळ मुसलमानांच्या खानावळींना इथे 'मामाक' म्हणतात, आणि हा शब्द आला आहे 'मामा'वरून. घ्या, म्हणजे इथेही मामाच जेवू घालतो!

तर मुद्दा असा, की ज्याला आज आपण 'अस्सल पेनांगचं' म्हणतो ते सगळं बाहेरून आलेल्या माणसांनी केलेलं आहे. १७८६ साली इंग्रजांनी हे बेट घेतलं आणि बंदर सुरू केलं. त्यानंतर फुज्यानचे होक्किएन आले, त्येओच्यू आले, तामिळ आले. प्रत्येकाने आपली चूल आणली आणि शेजाऱ्याचं मिरी-मसाला उचललं. पासपोर्ट कुणी विचारला नाही.

म्हणूनच १ जानेवारी २०१६ पासून इथल्या राज्य सरकारने लागू केलेला नियम मला कोड्यात टाकतो. नियम असा, की चार क्वे तियाव, आसाम लाक्सा, होक्किएन मी असे ठरावीक स्थानिक पदार्थ गाडीवर परदेशी माणसाने शिजवायचे नाहीत. त्याने भांडी घासावीत, बशा उचलाव्यात, पण झारा हातात घ्यायचा नाही. हेतू चांगला आहे. चव बिघडू नये, वारसा टिकावा. माझा एक स्थानिक चिनी सहकारी या नियमाचा कट्टर समर्थक आहे. तो म्हणतो, ज्याने लहानपणापासून हा पदार्थ खाल्लेला नाही त्याला तो कुठे चुकतोय हे कळणार कसं? त्यात तथ्य आहे. महिन्याभरापूर्वी आलेल्या पोराच्या हाती झारा देऊन मालक गल्ल्यावर जाऊन बसला, तर बशीत काय येणार ते उघडच आहे.

पण दहा वर्षं त्याच आचेशेजारी उभा राहिलेला, रोज तेच खाणारा बांगलादेशी किंवा इंडोनेशियन मदतनीस? त्याची जीभ अजून परदेशीच का? चव राखायची असेल तर चव तपासा, पासपोर्ट काय तपासता?

आणि खरा प्रश्न तर याच्याही अलीकडचा आहे. मदतनिसाच्या हाती झारा द्यायची वेळच का आली? कारण मालकाचा मुलगा तिथे नाही. तो बायान लेपासच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, माझ्यासारखाच, वातानुकूलित खोलीत, भरपगारी रजा घेत. त्याला दोष कोण देणार? चार क्वे तियाव एका वेळी एकच बशी नीट होतं. कढई धूर येईपर्यंत तापलेली हवी, त्यात तांदळाच्या पट्ट्या, कोळंबी, शिंपल्या, अंडं, मोड, आणि सगळं मिनिटा-दोन मिनिटांत परतलं गेलं पाहिजे. चार बशांचं एकदम टाकलं की ते भाजलं न जाता शिजतं, आणि तो खमंग धुरकट वास गेलाच. तयारीसकट एका बशीला तीन मिनिटं धरली तरी शंभर बशा म्हणजे पाच तास आगीसमोर उभं. या धंद्यात माल वाढवायला हातच वाढवावे लागतात, आणि हात दोनच असतात. नावाजलेल्या गाडीसमोर रांग लागते हे खरं, पण पलीकडच्या गाडीवर तेवढाच घाम गाळून निम्म्या बशा खपतात.

वारशाचा गौरव मात्र जोरात चालू आहे. २००८ मध्ये जॉर्ज टाऊन जागतिक वारसा यादीत गेलं, २०२२ च्या डिसेंबरात मिशेलिनवाले आले, २०२४ मध्ये मलेशियाची न्याहारीची संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली. आनंद आहे. पण जुन्या घरांवरचं भाडेनियंत्रण २००० सालापासून उठलंय, आणि त्याच वारशाच्या रस्त्यांवर दुकानघरांची हॉटेलं आणि कॅफे झालेत. प्रशस्तिपत्राने भाडं भरता येत नाही.

आणि आपण काय करतो? त्या नव्या कॅफेत पंधरा रिंगिटची कॉफी मुकाट पितो, आणि आठ-दहा रिंगिटच्या बशीत एक रिंगिट वाढला की "महाग झालं हो" म्हणून कुरकुरतो. मुंबई-पुण्यात इराणी हॉटेलं बंद झाली तेव्हा केवढे उसासे टाकले गेले. एका चहावर दोन तास बसणारी मंडळीच त्यात सगळ्यांत पुढे होती.

यावर रास्त आक्षेप आहे. भाव वाढले तर कारखान्यातल्या पाळीवाल्या कामगाराने खायचं काय? ही गाडी मुळात त्याच्यासाठीच आहे, माझ्यासाठी नाही. अगदी बरोबर. पण त्यावरचा तोडगा या गाड्यांवर आधीपासूनच आहे. लहान बशी, मोठी बशी, कोंबडीच्या अंड्याऐवजी बदकाचं अंडं घातलं तर वेगळे पैसे. साधी लहान बशी परवडणारी राहू दे. ज्याच्या खिशाला झळ पोचत नाही त्याने मोठी घ्यावी, बदकाचं अंडं घ्यावं आणि भाव वाढला तर गप्प बसावं. हे दान नाही, किंमत आहे. ती मिळाली तर कदाचित कुणाचा मुलगा परत येईल, नाहीतर मदतनिसाला शिकवायला मालकाला सवड तरी मिळेल.

तेव्हा मंडळी, इकडे याल तेव्हा पोटभर खा. कढईसमोरच्या अंकलना किंवा आंटींना काही सांगावंसं वाटलंच तर 'स्वस्त' सोडून दुसरं काहीतरी सांगा. इथल्या होक्किएनमध्ये चविष्टला 'हो चियाक' म्हणतात. तेवढं पुरतं.